मांजराच्या जटा: कात्री नको, अंघोळ नको, घाई तर नकोच

लांब केसांचं मांजर पाळलंय आणि कानामागं, काखेत नाहीतर मांडीच्या मागं हाताला गाठी लागायल्यात, तर हे शेवटपर्यंत वाचा आणि वाचून होईस्तोवर कात्री कपाटातच राहू दे. आमच्या बेळगाव-खानापूर पट्ट्यात आता पर्शियन मांजरं बरीच झालीत, शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत सुद्धा कुठल्या ना कुठल्या खिडकीत एखादं झुपकेदार शेपटीचं बसलेलं दिसतंय, खरं त्यांचे केस सांभाळायचे कसे हे विकणारा सहसा सांगत नाही, आणि मग जूनपासनं लागलेला पाऊस, कपडे वाळत नाहीत तिथं मांजर कुठलं वाळतंय, गणपती येईस्तोवर अंगावर जटा तयार.

जट म्हणजे नेमकं काय होतंय ते आधी बघा. मांजराचे वरचे जाड केस वेगळे आणि आतले, कातडीलगतचे मऊ बारीक केस वेगळे. आतले केस सारखे गळत असतात आणि मांजर आपल्या खरखरीत जिभेनं चाटून ते काढून टाकतंय. जिथं जीभ पोचत नाही तिथं गळलेले केस चालू केसांत अडकून बसतात, त्यात लाळ, धूळ, दमटपणा, वर चालताना काख न् मांडी घासते ते वेगळंच, असं सगळं मिळून घट्ट थापी होते. एकदा जट धरली की ती आपोआप सुटत नाही, उलट रोज थोडी थोडी कातडीकडं सरकते आणि आजूबाजूचे चांगले केसही आत ओढून घेते.

म्हणजे हा दिसण्याचा प्रश्नच नाही. कुणीतरी आपली वेणी मुळापासनं करकचून बांधली आणि दिवसरात्र ओढून धरली तर कसं होईल, तसं त्या मांजराला प्रत्येक पावलाला होत असतंय. जटेखाली हवा लागत नाही, ओल राहते, कातडी लाल होते, पुढं जखम. मांजर दुखणं लपवतंय, ओरडत नाही, फक्त उड्या मारायचं कमी करतंय, उचललं की गुरगुरतंय, आणि आपण म्हणतो हल्ली जरा चिडकं झालंय.

आता कात्रीचं. शेजारच्या काकू परवा बोक्याला मांडीवर घेऊन शिवणाची कात्री हातात धरून बसलेल्या, म्हणाल्या, "कापून टाकतो की, केसच ते, वाढतंय की परत." मी म्हटलं, "काकू थांबा, केस वाढतील खरं कातडी कापली तर टाके पडतील." मग जट दोन बोटांत धरून हलकीच उचलली, बाजूचे केस फुंकर मारून बाजूला केले आणि त्यांना दाखवलं. गुलाबी कातडी जटेच्या निम्म्यापर्यंत वर चढलेली, वरनं बघितलं तर सगळे केसच वाटत होते. काकूंनी कात्री बाजूला ठेवली. मांजराची कातडी जागेप्रमाणं साधारण 0.4 ते 2 मिलिमीटर एवढीच जाड असते, सैल असते, आणि जटेबरोबर ती वर उचलली जाते, त्यामुळं कात्री कुठं लागणार हे डोळ्याला दिसतच नाही. बोथट टोकाची कात्री, लहान मुलांची कात्री, मिशीची कात्री, कुठलीच नको. कातडी टोकानं नाही, पात्यांच्या मधे सापडून कापली जाते.

दुसरी चूक अंघोळीची. जट भिजली की सैल होत नाही, वाळताना आणखी घट्ट आवळते, आणि आतनं ती दोन-दोन दिवस वाळत नाही. म्हणून आधी जटा काढायच्या, मग गरज असलीच तर अंघोळ, तीही ऊन पडलेल्या दिवशी, कोमट पाण्यानं, मांजराच्याच शांपूनं, आणि संध्याकाळच्या आत केस मुळापर्यंत वाळले पाहिजेत. खोबरेल तेल चोळून सोडवायचं बरेच जण सांगतात, ते मला पटत नाही. तेलकट केसाला धूळ चिकटते, मांजर ते चाटत बसतंय, आणि आठवड्यात त्याच जागी पहिल्यापेक्षा चिवट जट.

सामान फार लागत नाही. स्टीलचा कंगवा, एका बाजूला लांब-लांब दात आणि दुसऱ्या बाजूला जवळ-जवळ, हा सगळ्यात महत्त्वाचा, खडेबाजारातल्या साध्या प्लॅस्टिकच्या कंगव्यानं काम होत नाही, दात वाकतात आणि वरवर सरकतात. बारीक वाकड्या तारांचा स्लिकर ब्रश असला तर चांगलं, खरं तो जट सुटल्यावर शेवटी फिरवायला, आधी नाही. किराणा दुकानातलं साधं कॉर्नफ्लोअर. एक जाड टॉवेल. आणि मांजराला आवडेल तो खाऊ, बिनमिठाच्या वाफवलेल्या चिकनचे छोटे तुकडे झकास चालतात. उवांची फणी घरात असेल तर ती पण ठेवा, जट काढायला नाही, पिसवा बघायला. फणीत काळे कण आले तर ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा, तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची घाण, म्हणजे पिसवांवर पण उपाय करावा लागणार.

सुरुवात करायच्या आधी सगळं अंग हातानं चाचपून घ्या. कानामागं, गळ्याला पट्टा असेल तर पट्ट्याखाली, दोन्ही काखा, पोट, जांघा, मांडीची मागची बाजू, शेपटीच्या खाली. वरचे केस रेशमासारखे दिसत असले तरी फसू नका, बोटं कातडीपर्यंत गेली पाहिजेत. जट किती मोठी यापेक्षा ती कातडीपासनं सुटी आहे की चिकटून बसलीय हे बघायचं. जटेखाली बोट आरामात जात असेल तर घरी निघू शकते. बोट जातच नसेल, वास येत असेल, ओलसर लागत असेल, किंवा हात लावल्याबरोबर मांजर वळून चावायला येत असेल तर पुढचं वाचायच्या आधी डॉक्टरला फोन करा.

आता प्रत्यक्ष काम. दुपारची वेळ बरी, मांजर जेवून पेंगत असतंय, पोरं शाळेत असतात. मांडीवर किंवा टेबलावर टॉवेल टाकून बसवा, धरून दाबून ठेवू नका, कुशीला टेकवून घ्या. आधी न दुखणाऱ्या जागी, गालाला, मानेला दोनचार वेळा कंगवा फिरवा, एक तुकडा चिकन. मग जटेवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर भुरभुरा आणि बोटांच्या पेरांनी आत मुरवा, त्यानं ओशटपणा शोषला जातो आणि केस एकमेकांवरनं सरकायला लागतात. तोंडाला लावायची टाल्कम पावडर वापरू नका, तिचा भुगा फुप्फुसात जायला वाईट आणि अंगावर राहिलेली मांजर चाटणारच.

मग डाव्या हाताची दोन बोटं जटेच्या बुडाशी, कातडी आणि जट यांच्या मधे, चिमटीत घट्ट धरा. म्हणजे जो काय हिसका बसेल तो तुमच्या बोटांना बसेल, कातडीला नाही. ही एक गोष्ट हाताला बसली की निम्मं काम झालं, आणि ही सोडून बाकी सगळं केलं तरी मांजर दुसऱ्या दिवशी कंगवा बघूनच पळणार. उजव्या हातानं शेंड्याकडनं सुरू करायचं, बुडाकडनं कधीच नाही. जट बोटांनी उभी फाडा, केस ज्या बाजूला वाढतात त्याच दिशेनं, आधी दोन भाग, जमलं तर परत दोन. मग कंगव्याच्या कोपऱ्यातल्या दोनतीन दातांनी शेंड्याचे केस जरा जरा उचकत जायचं, एकदम आरपार ओढायचं नाही. दाताला मऊ केसांचा पुंजका येतोय तो गळलेलाच केस असतो, त्याला घाबरू नका. शेंडा सुटला की अर्धा सेंटीमीटर खाली, तो सुटला की आणखी खाली, असं करत बुडाला यायचं. शेवटी जवळच्या दातांची बाजू फिरवून बघा, अडकलं नाही म्हणजे सुटलं.

एका बैठकीला तीन ते पाच मिनिटं, बास. एकच जट निघाली नाहीतर निम्मीच निघाली तरी चालतंय. शेपटी आपटायला लागलं, कान मागं गेले, पाठीची कातडी थरथरली, घुरघुर थांबून तुमच्या हाताकडं रोखून बघायला लागलं की तिथंच थांबायचं, खाऊ द्यायचा, सोडायचं. चावेपर्यंत थांबू नका. आज सगळं संपवायचंच असा हट्ट माणसाचा असतो, मांजराला तुमच्या रविवारच्या सुट्टीशी काय घेणं नाही. उद्या परत कुशीत यायला पाहिजे, हे डोक्यात ठेवून हात चालवा.

काखेतली जट घरी करूच नये असं माझं मत आहे. तिथली कातडी पडद्यासारखी पातळ असते, पाय हलला की जागा बदलते, आणि पुढचा पाय वर धरून ठेवणं मांजराला मुळीच सहन होत नाही. जांघेतली पण तशीच. पोटावर स्तनाग्रं असतात, बोक्याला सुद्धा असतात, केसांत दिसत नाहीत.

ट्रिमरचं विचारणारे बरेच असतात. नवऱ्याचा दाढीचा ट्रिमर चालेल का? चालत नाही. दाट केसांत तो अडकतो, ओढतो, तापतो. जनावरांसाठीचा कमी आवाजाचा क्लिपर असेल आणि मांजर शांत असेल तर पाठीवरची, बरगडीवरची, कातडीपासनं थोडी सुटलेली जट निघू शकते. त्यात 10 नंबरचं पातं वापरतात, ते साधारण दीड मिलिमीटर केस ठेवतं. एका हातानं कातडी सपाट ताणून धरायची आणि पातं कातडीला समांतर आडवं ठेवून जटेच्या खालनं हळू सरकवायचं, टोक कातडीत रुतेल असं तिरकं नाही. दर दोनतीन मिनिटांनी पातं स्वतःच्या मनगटाला लावून बघा, गरम लागलं तर बंद करून गार होऊ द्या, तापलेल्या पात्यानं भाजतंय. पहिल्यांदाच करत असाल तर कुणा माहीतगाराला शेजारी उभं करा.

अंगभर जटा असतील तर घरी छळ मांडू नका, डॉक्टरकडं भूल देऊन सगळे केस काढून घेणं हेच त्यातल्या त्यात दयेचं काम. गावातल्या सरकारी पशू दवाखान्यात दिवसभर गाई-म्हशींचंच काम जास्त, म्हणून निघायच्या आधी फोन करून विचारा मांजराला भूल देऊन केस काढता का, क्लिपर आहे का. खानापूरकरांना बेळगाव 26 किलोमीटर, निपाणीच्या लोकांना कोल्हापूर सोयीचं पडतंय. भुलेआधी किती तास उपाशी ठेवायचं ते डॉक्टर सांगतील तेवढंच ठेवा, मनानं वाढवू नका. पर्शियनचं नाक चपटं असतं, भुलेत श्वासाची जास्त काळजी घ्यावी लागते, म्हातारं असेल तर आधी रक्त तपासून घेतात, या गोष्टी स्वतःहून विचारा, विचारण्यात लाज नाही. बोलीभाषेची अडचण वाटत असेल तर घरीच जटांचे फोटो काढून न्या, फोटोला कन्नड-मराठी लागत नाही. मांजर पिशवीत कोंबून नेऊ नका, बास्केटवर एक चादर टाकली की रिक्षात शांत बसतंय.

पावसाळ्यातली एक गोष्ट फार गंभीर आहे. शेपटीखालच्या जटेत शी किंवा लघवी अडकून राहिली की माश्या तिथं अंडी घालतात आणि एका दिवसात सुद्धा अळ्या पडू शकतात. आत अळ्या कातडी खात असतात आणि वर जट झाकण घालून बसलेली, दिसत नाही, फक्त कुजका वास येतो आणि मांजर सारखं मागं वळून चाटतंय. असं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर. गुरांच्या जखमेत टाकतात म्हणून टर्पेंटाइन, फिनाईल, रॉकेल असलं काहीही मांजराला लावू नका. मांजराच्या यकृताला फिनाईलमधली फिनॉलसारखी रसायनं नीट पचवून बाहेर टाकता येत नाहीत, अंगावर लावलेलं ते चाटतंय आणि त्यातनं जीव जाऊ शकतो. गोठ्यातलं गोचिडांचं औषध, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, आणि कुत्र्यांच्या पिसवांचं परमेथ्रिन, हे पण मांजराला विष. आमच्याकडं गोठा आणि घर लागूनच असतंय, बाटली हाताशी असते, म्हणून मुद्दाम सांगतोय. दुखतंय म्हणून क्रोसिन देणं तर अजिबात नाही, पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारायला पुरते.

जटा निघाल्या म्हणजे विषय संपला असं नाही, त्या झाल्या कशामुळं ते शोधायला पाहिजे. पर्शियनला रोज विंचरलं नाही तर होणारच, ते समजतं. खरं आखूड केसांच्या आपल्या देशी मांजराच्या पाठीवर, कमरेवर गुठळ्या व्हायला लागल्या तर ते चाटायचं सोडून बसलंय असं समजा, आणि मांजर उगाच चाटायचं सोडत नाही. दात-हिरड्या दुखत असतील, वजन वाढून मान मागं पोचत नसेल, सांधे धरले असतील, मूत्रपिंडाचा नाहीतर साखरेचा आजार असेल. बारा वर्षांपुढच्या बहुतेक मांजरांच्या सांध्यांत झीज असते, लंगडत नाहीत म्हणून आपल्याला कळत नाही. "म्हातारं झालंय, आळशी झालंय" म्हणून सोडून देऊ नका, एकदा तोंड उघडून बघा, वजन करा, डॉक्टरला दाखवा.

खाण्याचं पण बघा. आपल्याकडं मांजर म्हटलं की दूध-चपाती नाहीतर दूध-भाकरी, पिढ्यान् पिढ्या तेच. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही, शी पातळ होते, ती शेपटीखालच्या केसांना लागते, आणि तिथनंच जट सुरू होते, मग वर सांगितलेल्या माश्या. शिवाय मांजर मांसाहारी प्राणी, टॉरिन नावाचा घटक त्याला मांसातनंच मिळतो, तो नसला तर डोळे आणि हृदय बिघडतं. घरात मांस-मासे चालत नसतील तर मांजरांसाठीचं तयार खाणं आणा, त्यात टॉरिन घातलेलं असतं. दूध बंद केल्यावर शेपटीखालचा घोळ कमी होतोय का बघा, बऱ्याचदा होतो.

आणि एक मनातलं. जट म्हटलं की आमच्या भागात सौंदत्तीच्या यल्लम्माचं नाव निघतंच, आणि घरातली म्हातारी माणसं जटेला हात लावायला बिचकतात, मांजराची असली तरी. त्यांच्याशी वाद घालत बसू नका. देवीला हात जोडा आणि सांगा, मुकं जनावर आहे, दुखतंय त्याला, सुटका करतोय. माझी आजी सुद्धा यावर काही बोलली नसती. जट ठेवण्यात त्या मांजराचं काहीच भलं नाही.

बाहेर फिरणाऱ्या मांजराला दसरा-दिवाळीच्या सुमाराला वेगळाच त्रास. येळ्ळूर, उचगावकडची शिवारं, बांधावर आघाड्याची बोंडं आणि कुसळं तयार असतात, मांजर उंदरामागं फिरून आलं की पोटाला, पायाच्या बोटांमधे ती घेऊन येतंय. आघाड्याचं एक बोंड राहिलं तरी त्याभोवती केस गुंडाळून दोनतीन दिवसांत गाठ धरते. कुसळ तर कातडीत घुसत जाते. संध्याकाळी घरात आल्या आल्या हात फिरवून काढून टाका, त्या वेळी ते बोटांनी निघतंय.

रोजचं विंचरणं म्हणजे वरनं ब्रश फिरवणं नव्हे. डाव्या हातानं केस वर उचलून भांग पाडायचा, कातडी दिसली पाहिजे, तिथनं थोडेच केस खाली घेऊन कंगवा, मग बोटभर वर परत भांग. पर्शियनला रोज पाच मिनिटं, मिश्र जातीच्या झुपकेदार मांजराला आठवड्यातनं दोनतीनदा. केस गळायच्या दिवसांत जास्त. पिल्लू असल्यापासनं सवय लावली तर पुढची सगळी वर्षं सोपी जातात. विंचरताना गोल-गोल टक्कल, खपली दिसली तर ते गजकर्ण असू शकतं, पर्शियनमधे बऱ्यापैकी आढळतं आणि माणसाला, विशेषतः लहान पोरांना लागतं, तेव्हा तो कंगवा दुसऱ्या मांजराला वापरू नका आणि डॉक्टरला दाखवा.

एवढं करून चावलंच, रक्त आलं, तर हळद लावून बसू नका. साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सिव्हिलला नाहीतर जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीचं विचारा, मांजर घरचं असलं तरी. मांजराचा दात बारीक आणि खोल जातो, वरनं टाचणीएवढं दिसतं आणि दुसऱ्या दिवशी हात सुजतो.

केस काढून आणल्यावर पहिले काही दिवस मांजर लपून बसेल, अंग चाटत राहील, कातडी लाल, कुठं निळसर दिसेल. घरात ठेवा, बेळगावच्या थंडीत अंगाखाली पांघरूण द्या, उन्हात सोडू नका. कानामागची जट काढल्यावर मांजर फार डोकं झटकत असेल आणि कानाची पाळी फुगलेली वाटली तर आत रक्त साकळलेलं असतं, लगेच दाखवायला लागतंय. एक दिवसाच्या वर काहीच खाल्लं नाही तरी फोन करा, जाड मांजर उपाशी राहिलं की यकृतावर चरबी चढते. पूर्ण केस यायला लांब केसांच्या मांजराला बरेच महिने लागतात, सयामी रंगाच्या मांजराचे नवे केस आधीपेक्षा गडद आले तर काळजी नको, गार पडलेल्या कातडीवर त्यांचा रंग तसाच येतो. केस बोटभर वाढले की लगेच कंगवा सुरू करा, काखेपासनं.